माइकचा दोष

बावीस वर्षं मी लोकांचे आवाज मोजते आहे. आमच्या प्रयोगशाळेचा एक नेम आहे: सकाळी यंत्रं सुरू केली की आधी मी माइकसमोर पाच सेकंद 'आ' करते. त्यावरून माइक ठीक आहे की नाही ते कळतं. आवाज माझा, तो काय बदलणार?

चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी आलेख खरबरीत दिसला. माइक गेला, मी म्हटलं. नवा मागवला. तोही तसाच निघाला, तेव्हा वायर बदलली, मग पंख्यावर संशय घेतला, आणि शेवटी दुरुस्तीवाल्याला फोनवर इतकं झापलं की बिचारा माझ्याशी बोलेनासा झाला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मध्ये ताईनं फोनवर विचारलं होतं, "अगं, घसा बसलाय का तुझा?" मी फणकारले, "आवाजातलं तू मला शिकवू नकोस."

काल सहकारी मैत्रिणीनं त्याच माइकवर सहज 'आ' केलं. आलेख स्वच्छ. ती पडद्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत राहिली.

आज घशाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. त्यानं नाकातून बारीक कॅमेरा घातला. "मॅडम, 'ई' म्हणा." पडद्यावर उजवा स्वरतंतू आत सरकला. डावा जागचा हलला नाही. मी पुन्हा म्हटलं, जोर लावून म्हटलं. ढिम्म.

डाव्या स्वरतंतूची नस छातीत उतरून पुन्हा वर येते. वाटेत गाठ असली तर तिचा नसेवर दाब येतो. हे मीच त्याला शिकवलं होतं, आणि तो तंतू थांबला की आधी छाती तपासायची, एक दिवसही दवडायचा नाही, हेही. मी घाबरले होते, आणि ते त्याला दिसत होतं.

तो छातीच्या स्कॅनची चिठ्ठी लिहू लागला. "कधीपासून आहे, मॅडम? अंदाजे सांगा."

अंदाजे! माझ्याकडे तारीख होती, वेळही होती, सव्वानऊ. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग होतं, ओळीनं लावलेलं.

"चार महिने," मी सांगितलं.

त्याचं पेन थांबलं. चिठ्ठीवर घातलेली उद्याची तारीख त्यानं खोडली आणि आजची लिहिली.