पंजाबरावाच्या अंगावरचं पुरळ

"पुरुषाच्या रक्ताला स्त्रीचं रक्त मानवलं नाही, तर शास्त्रसुद्धा हात टेकतं!" जळगाव जामोदच्या वैद्यबुवांनी निकाल दिला. बुवा स्वतः ब्रह्मचारी होते.

लग्नाला महिना झाला होता. बायकोजवळ निजलं, की पंजाबरावाच्या पोटापाठीवर पुरळ उठायचं. निकाल ऐकून झुंबरबाईला माहेरी धाडायला बैलांची दमणी जुंपली.

झुंबरबाई हुंदके देत सासूला म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हनून मायनं कमरीले बिबाही बांधला होता वं!"

सासूनं कपाळ बडवलं. "अवं, माह्या पोराले बिब्याचा वाराही उततो, अंगभर पुरळ उठते!"

बिबा तिथंच तोडला, बैल सोडले. लाजत आत गेलेल्या बायकोमागं पंजाबराव अधीरपणे धावला, दाराला कडी घातली अन् कुजबुजला, "पहिले पाठ खाजवून दे वं."