पोटात राहिलेल्या गोळ्या

मी एक जुनं बॉम्बफेकी विमान बोलतोय. खरं तर माझं नुसतं धड उरलंय, रायपूरजवळ बीरगावातल्या एका भंगाराच्या आवारात.

ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या कारखान्यात मला घडवलं. माझ्या जातीचा पहिला नमुना फार लांब जाईना, म्हणून इंधनाच्या टाक्या वाढवल्या. शत्रू मागून गाठायचा, म्हणून बंदुका वाढवल्या. एवढं ओझं उचलायला चार इंजिनं लागली.

महायुद्धात मी ब्रह्मदेशावर सोळा फेऱ्या केल्या. पोटाची दारं उघडली की बॉम्ब सुटायचे, मी एकदम हलका व्हायचो आणि आम्ही परत फिरायचो. खाली धूर दिसायचा. बस, तेवढंच.

युद्ध संपल्यावर इंजिनं निघाली, पंख गेले. धड या गोदामातून त्या गोदामात पडून राहिलं. गेल्या आठवड्यात ते इथं आलं.

शांताबाई इथं लोखंड, पितळ, पत्रा वेगळा करते. धाकट्या भावाला, नत्थूला, तिनंच कामावर लावलं. तो गॅस कटर चालवतो. काल सकाळी तिनं माझ्यात वाकून पाहिलं. बंदुकीच्या जागेखाली, गोळ्या पुरवणाऱ्या लोखंडी नळीत काहीतरी पिवळं अडकलं होतं.

"नत्थू, थांब! गोळ्या हायेत याच्यात."

"अस्सी साल जुन्या हायेत दीदी. काही नाही होत."

"काहून घाई करून राहिला? थांब, मुनीमजीले बलावतो."

ती आवाराचा हिशेब ठेवणाऱ्या मुनीमजींना बोलवायला वळली आणि नत्थूनं ज्योत नळीला लावली.

मोठा आवाज होऊन एक गोळी फुटली. नत्थू हात धरून ओरडत खाली बसला. गरम रक्ताचे थेंब माझ्या पत्र्यावर उडाले.

स्फोट मी किती ऐकले होते! पण स्फोटानंतर माणूस कसा ओरडतो, ते मला माहीतच नव्हतं. शांताबाईनं पदर फाडून त्याचा पंजा आवळला. "बोटं हलव रे! हलव ना!" ती रडत म्हणत होती. दोन बोटं हललीच नाहीत.

दुपारी पोलिसांनी उरलेल्या गोळ्या काढून नेल्या. तीस होत्या. इतकी वर्षं त्या माझ्या पोटात होत्या आणि मला पत्ता नव्हता.

आज शांताबाई इथंच राहिलेला नत्थूचा डबा न्यायला इस्पितळातून आली. "दोन बोटं कापा लागली," तिनं मुनीमजीला सांगितलं. मग माझ्याकडं बघत राहिली. "हे तं एक गोळी होती. याच्यातून बॉम्ब पडत तवा खालच्या लोकाइचं काय होत असीन?"

मुनीमजींनी नत्थूचा डबा तिच्या हातात दिला.

उद्या मला भट्टीत टाकतील. जाताना एवढंच मागतो: जुन्या युद्धाचं काही हाती लागलं, तर ते मेलंय असं समजू नका.