ट्रान्सफॉर्मरची जागा

राजरत्नने ट्रान्सफॉर्मर पेटीच्या पार मागच्या कोपऱ्यात सरकवला, किंचित तिरका फिरवला आणि भोवती पेन्सिलीने रेघ ओढली.

"हितंच बसायचं. हलायचं न्हाई," त्या लोखंडी ठोकळ्याला त्याने दटावलं.

दारात तांदूळ निवडत बसलेली त्याची बायको प्रज्ञा म्हणाली, "त्याला तरी जागा गावली. आमाला कॉटवर टेकाया जागा न्हाई."

कॉटवर खरोखरच तारांचा आणि पेचांचा पसारा होता. जुन्नरच्या बाजारात राजरत्नचं टेप-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, पण हा अ‍ॅम्प्लिफायर तो पिंपळवंडीत घरीच बसून बांधत होता. आबांसाठी, म्हणजे वडिलांसाठी. गाव त्यांना पोपटदादा म्हणे. त्यांची गायन पार्टी एके काळी गावोगाव फिरलेली. आता पार्टी उरली नव्हती, पण बाबासाहेबांच्या जयंतीचं पहिलं गाणं अजूनही त्यांचंच असे. आणि जयंती उद्यावर आली होती.

गेल्या वर्षी जुन्या मशीनने घात केला. गाण्यापेक्षा त्याची घुंईच मोठी.

"दादापेक्षा मशीनच झ्याक गातंय राव!" मंडळातला एक पोरगा ओरडला आणि सगळा मांडव हसला. लोक हसले म्हणून आबाही हसले. राजरत्नला मात्र ते फार लागलं. मशीन त्याच्याच हातचं होतं, म्हणजे चारचौघांत बापाचं हसं त्यानेच केलं होतं. यंदाही तसंच झालं तर पुढच्या सालापासून सरळ कॅसेट लावू, असं पोरांनी बजावून ठेवलं होतं.

दोष कुठे होता ते त्याला आता कळत होतं. शिकाऊ असताना बांधलेल्या त्या मशीनमध्ये सगळं दाटीवाटीने कोंबलेलं, ट्रान्सफॉर्मर तर माइकच्या तारेला खेटूनच. त्याची कुरकुर तारेत शिरायची आणि स्पीकरमधून घुंई होऊन बाहेर पडायची. या खेपेला त्याने एका टोकाला ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्या टोकाला माइकची तार आणि मध्ये डब्यांएवढे दोन कपॅसिटर बसवले. अर्थिंगच्या सगळ्या तारा एकाच जागी आणून जोडल्या. घाई म्हणून केली नाही.

दुपार कलली तेव्हा गेलेली लाइट आली. राजरत्नने बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि बाकी काहीच झालं नाही.

"बिघडलं का?" प्रज्ञाने विचारलं.

"चालू हाय!"

त्याने स्पीकरच्या खोक्याला कान लावला. आत चिडीचूप. माइकवर टिचकी मारली तशी ती घरभर ठणकन वाजली. इतका आनंद त्याला दुकान टाकलं तेव्हाही झाला नव्हता. तो ओट्यावर गेला, आबांच्या खांद्याला हात लावून त्यांना आत घेऊन आला.

आबांनी माइक घेतला आणि सवयीने डावा तळवा खोक्यावर ठेवला. असं खोक्यावर हात टेकून गाणं ही त्यांची ऐट होती. गावातली पोरं त्याची नक्कल करत.

"म्हना, आबा."

आबा उभेच.

"चालू कर की."

"चालूच हाय. म्हना तुमी!"

आबांनी तळवा उचलून खोक्याच्या दुसऱ्या अंगाला ठेवला. मग दाबून धरला. आजारी पोराचं अंग चाचपावं तसे ते खोकं चाचपत राहिले. शेवटी त्यांनी तोंड उघडलं, पण पहिलीच ओळ भलतीकडे गेली. थांबले, पुन्हा वर उचलून पाहिली, तिथेही ती बसली नाही. प्रज्ञाचा हात सुपात थबकला.

"मशीन मेलंय रं," आबा म्हणाले. "हाताला काईच लागंना."

टीव्हीचा आवाज एवढा मोठा का लागतो, आबा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे का बघत राहतात, खांद्याला हात लावल्याशिवाय वळत का नाहीत, खोक्यावर हात टेकून घुंईवरच सूर का धरतात, राजरत्नला सगळं एकदम उमगलं. तो त्यांच्या पाठीमागे गेला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला,

"आबा, ऐकू येतंय नव्हं तुमाला?"

प्रज्ञाने मान वर केली. आबा खांद्यावरच्या टॉवेलने खोकं पुसत होते.

तो वळसा घालून समोर आला. हातवारे करत मोठ्याने म्हणाला, "वायर निसटली आबा! थांबा जरा!"

त्याने बटण बंद केलं, ट्रान्सफॉर्मरचे पेच काढले, तो पेन्सिलीच्या रेघेबाहेर ओढला आणि माइकच्या तारेला खेटून ठेवला. बटण दाबताच खोकं घुंई करू लागलं. आबांनी तळवा टेकला, डोळे मिटले.

"आत्ता कसं!"

आणि ते गायले. खडा आवाज, सूर जिथल्या तिथे.

राजरत्न तिथेच एकेक पेच आवळू लागला.

"आवो, उद्या हसतील पोरं," प्रज्ञा कुजबुजली.

"हसू दे," तो म्हणाला. "आबास्नी कुठं ऐकू जातंय."

आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, पण हे बोलताना त्याने आवाज खाली आणला नाही.