आचाऱ्याचं पोट

मित्रांनो, मी एक जुनं जठर आहे. वय बावन्न. तुम्ही लोक मला नुसतं पोट म्हणता आणि दुखलं की बेंबीवर हात दाबून बसता. मी तिथे राहतच नाही. मी वर असतो, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला. उद्या सकाळी मला कापून काढणार आहेत, म्हणून म्हटलं, एकदा सांगून टाकावं.

आमचं काम तसं सरळ. दातांनी घास बारीक करायचा, लाळेने भिजवायचा, अन्ननलिकेने ढकलत माझ्या दारात आणायचा. मी त्यात आंबट पाचकरस सोडतो, तीन-चार तास घुसळतो आणि पातळ झालं की खालच्या दारातून थोडं थोडं पुढे धाडतो. पुढे लहान आतडं. यकृताचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस तिथे येऊन मिळतात आणि अन्नातलं सत्त्व रक्तात जातं. उरलेलं पाणी मोठं आतडं शोषून घेतं. त्यानंतर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जिभेवर घास असतो जेमतेम अर्धा मिनिट, पण कौतुक सगळं तिचं. ‘छान पचलं हो’ असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

लहानपणी माझे दिवस बरे होते. मालकाची आई ताट संपेपर्यंत त्याला उठू देत नसे. भूक लागायची, जेवण यायचं, काम व्हायचं आणि मग मला सुट्टी. पुढे तो एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आचारी झाला आणि माझी सुट्टी संपली.

रुग्णांचं जेवण म्हणजे नाजूक काम. कुणाला मीठ कमी, कुणाला तेल बंद. दर जेवणाला सहा पातेली, आणि प्रत्येकातून हा चार-चार वेळा चव घेणार. मी मोजले आहेत, दिवसाला साठ-सत्तर चमचे. वास आला की मी पाचकरस काढून तयार, आणि येणार काय, तर अर्धा चमचा सूप. वीस माणसांचा स्वयंपाक मांडून बसावं आणि एकाने येऊन पाणी पिऊन जावं, तशी माझी गत. दुसऱ्यांच्या पथ्याला हा देवासारखा जपायचा. स्वतः मात्र कंबर दुखली की दुखण्यावरची गोळी उपाशीपोटी गिळायचा.

त्याची बायको त्याच दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी मोजते. ती विचारायची, “अहो, जेवलात का?”

“अगं, दिवसभर जेवतोच की. आचाऱ्याला कोण उपाशी ठेवणार?”

ती हसायची. मीही हसलो असतो, पण मला तेवढा रिकामा वेळ नव्हता.

दीड वर्षापूर्वी माझ्या आतल्या अस्तरावर एक जखम झाली. ती भरेना, उलट कडेने घट्ट होत गेली. भूक मेली. आता बघा, दुसऱ्या कुठल्याही घरात ताट अर्धं राहिलं की आरडाओरडा होतो. इथे उरवायला ताटच नव्हतं. चमचे चालू होते. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली, तेव्हा भांडी घासणाऱ्या बाई म्हणाल्या, “मास्तर, बारीक झालात. शोभतंय तुम्हाला.” आणि हा खूश. जखमेतल्या रक्ताने शौचाला काळं होऊ लागलं, तर म्हणे लोहाच्या गोळ्यांनी होतं. गोळ्याही त्याने आपल्याच मनाने सुरू केल्या होत्या, अशक्तपणा वाटतो म्हणून.

मी माझ्याकडून खूप सांगून पाहिलं. जळजळ केली, मळमळ केली. शेवटी आंबट पाणी थेट त्याच्या घशाशी नेलं. त्याने काय करावं? “आज सूप आंबट झालंय,” म्हणाला आणि पातेल्यात साखर टाकली. रोज थोडी थोडी वाढवत गेला. दोष पातेल्याचा, याचा काहीच नाही.

महिन्याभरापूर्वी वाडगे भरलेलेच परत येऊ लागले. शस्त्रक्रिया करणाऱ्या एका डॉक्टरांचं रोजचं जेवण याच्याच हातचं. ते स्वतः आत आले.

“मास्तर, सूप आहे का खीर?”

“गोड लागतंय? मला तर आंबट लागलं.”

डॉक्टरांनी तिथेच, शेगडीच्या उजेडात, त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून पांढरीफटक होती, अंगात रक्तच कमी.

मग एक नळी आली, टोकाला दिवा असलेली. बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बघायला आलं. गाठ माझ्यात होती. पुढच्या तपासणीत शेजारच्या यकृतावरही ठिपके दिसले.

“कशाने झालं ते नक्की सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. “उशीर झाला, एवढं खरं. जठर काढलं तर रक्त जाणं थांबेल, घास पुढे जाईल. त्यापुढचं मी बोलणार नाही.”

“मग हे जेवणार कसे?” बायकोने विचारलं.

“अन्ननलिका थेट आतड्याला जोडू. थोडं थोडं द्यायचं, दिवसातून सात-आठ वेळा. चमच्याचमच्याने.”

“चमच्यानेच तर जन्म काढलाय यांनी,” ती म्हणाली.

आज दुपारी तिने घरून डबा आणला. मऊ भात, उकडलेला बटाटा. ताट वाढून त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने पहिला घास घेतला आणि सवयीने डोळे मिटले.

“मीठ कमी आहे.”

“चव सांगू नका,” ती म्हणाली. “जेवा.”

चारच घास आले. ते मी संध्याकाळपर्यंत घुसळत बसलो, सावकाश, जेवढं जमेल तेवढं बारीक. हे काम माझ्यानंतर कुणी करणार नाही.

मित्रांनो, तुमच्यापुढे ताट असेल तर बसून जेवा. आणि घरात कुणी रोज ‘माझं झालंय’ म्हणत असेल, तर त्याचं उष्टं ताट कुठे आहे, ते एकदा बघून या.