डॉक्टरने पोस्टमनला मारलं कशाला?

देवबागला भर पावसात लक्ष्मीच्या खोल्यांना गिऱ्हाईक मिळणं म्हणजे नवलच. जुलैत इथे येऊन माणसाने करायचं काय? समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, आणि मासेमारी बंद म्हणून नवरा शिवा घरातच, जाळी दुरुस्त करण्याच्या नावाखाली झोपा काढत पडलेला. अशा दिवसांत किरण नावाचा पुण्याचा एक माणूस एकटाच आला. आल्या आल्या त्याने विचारलं, "इथे मोबाईलला रेंज येते?"

"नाय हो येत," लक्ष्मी ओशाळून म्हणाली.

"वा!" तो म्हणाला आणि बॅग घेऊन खोलीत शिरला.

त्यानंतर तो जेवणापुरताच बाहेर यायचा. अर्धं ताट टाकून उठायचा, पावसाकडे बघत बसायचा. सासू राधाबाईंनी निकाल देऊन टाकला, "बायल सोडून गेली आसतली." शिवाच्या मते नोकरी गेली होती. लक्ष्मीला वेगळीच धास्ती. हा माणूस इथेच काही बरंवाईट करून बसला तर?

म्हणून रविवारी संध्याकाळी तिने त्याचं दार वाजवलं. "सर, बाहेर येऊन बसा आमच्यात. टीव्हीवर नवीन पिक्चर लागतोय, खुनाचा. तेवढंच बरं वाटेल."

तो आला. राधाबाईंनी तळलेल्या फणसाच्या गऱ्यांची वाटी त्याच्या मांडीवर ठेवली. पडद्यावर बर्फाचे डोंगर दिसले, मग नाव आलं 'शून्याखाली सात', आणि किरणच्या हातातला गरा हातातच राहिला.

"मी जरा पडतो खोलीत," तो उठू लागला.

"बसा हो," शिवाने खांद्याला धरून त्याला खाली बसवलं. "आता तर सुरू झाला."

बर्फात अडकलेलं एक खेडं होतं. रस्ता बंद, फोन बंद, आणि घराघरांत पत्रं टाकणारा पोस्टमन मरून पडलेला. मग एक इन्स्पेक्टर बर्फातून चालत गेला. बराच वेळ गेला. मग तसाच परत आला.

"सात म्हणजे सात जाणा मरतली काय रे?" राधाबाईंनी विचारलं.

"तशीच दिसतत."

"एक मेलो. सा रवले." म्हातारी आशेने सरसावून बसली.

पण पुढे कुणी मरेचना. इन्स्पेक्टर चहा प्यायला, खिडकीतून बाहेर डोकावला, पुन्हा चालायला निघाला. शिवा म्हणाला, "आमच्या फ्रीजात ह्येच्यापेक्षा जास्त बर्फ आसा." लक्ष्मीने चुलीवर भात ठेवला, परत येऊन भिंतीला टेकली आणि तिला कधी डोळा लागला ते कळलंही नाही. जागी झाली तेव्हा गावातला डॉक्टर कॅमेऱ्यात बघून "होय, मीच मारलं त्याला" असं म्हणत होता. पुन्हा डोंगर दिसले आणि पिक्चर संपला.

लक्ष्मी ताडकन उठून बसली. "संपलो? पण कित्याक मारल्यान? माका झोप लागली तेवा सांगल्यान काय?"

"कायएक सांगूक नाय," शिवा म्हणाला.

"मगे ह्यो पिक्चर लिवणाऱ्याकच बर्फात पुरूक होयो!"

"बर्फ खंय होतो? मीठ होतां तां मीठ," शिवा म्हणाला.

"मीठ नव्हतं, साबणाचा फेस होता," किरण खाली बघत म्हणाला. "मीठ फक्त लांबच्या डोंगरांवर."

तिघांनी माना वळवल्या.

"तुमका कसां म्हायती?" राधाबाईंनी विचारलं.

"गोष्ट मीच लिहिली आहे."

लक्ष्मीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एक तर गिऱ्हाईक मिळेना, मिळालं त्याला घरी बोलावून, खायला घालून, पुरायची भाषा केली! "सर, माझ्या तोंडात काय येईल ते येतं," ती शुद्ध बोलण्याची कसरत करत म्हणाली. "तसा बरा होता हो पिक्चर. मला झोप छान लागली."

किरण इतक्या जोरात हसला की त्याच्या मांडीवरची वाटीच कलंडली.

"सात जण मरायचे होते," तो डोळे पुसत म्हणाला. "पण शूटिंगला गेलो आणि आठवड्यात बर्फ वितळला. मग निर्माता म्हणाला, आहे तेवढ्या बर्फात एकच मारा. डॉक्टरने का मारलं ते सगळं गोठलेल्या तळ्यावर होतं. तळ्यात बदकं पोहायला लागली होती."

"मगे आता तरी सांग," राधाबाई एकेरीवर आल्या. "कित्याक मारल्यान?"

तो सांगू लागला. डॉक्टरची एक धाकटी बहीण होती. गावात तापाची साथ आली, औषधं टपालाने यायची. दवाखाना तळ्यापलीकडे, आणि गोठलेलं तळं ओलांडायची पोस्टमनला भीती, म्हणून तो पार्सलं घरी माळ्यावर टाकायचा आणि "आलीच नाहीत" म्हणून सांगायचा. शेवटी ती पोर औषध आणायला स्वतःच तळ्यावरून चालत निघाली. पायाखाली बर्फ कुरकुरायला लागला. किरण हलकेच बोटाने जमिनीवर कुरकुर वाजवत होता. शिवाने टीव्हीचा आवाज बंद केला. राधाबाईंनी लक्ष्मीचं मनगट घट्ट धरून ठेवलं. पोर मध्यावर पोचली, थांबली, तिने मागे वळून बघितलं...

"नको रे!" राधाबाई ओरडल्या.

बर्फ फुटला. मग डॉक्टरला माळ्यावरची पार्सलं कशी सापडली, ते ऐकताना म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली. "बरां केल्यान! मारूकच होयो मेल्याक!"

तेवढ्यात करपल्याचा वास आला. भाताचा पार कोळसा झाला होता.

त्या रात्री सकाळच्या उरलेल्या पेजेवर भागवावं लागलं. सोबत भाजलेला सुका बांगडा. किरणने दोनदा पेज मागून घेतली आणि बांगड्याचा काटासुद्धा चोखून टाकला.

मंगळवारी शिवा त्याला कुडाळ स्टेशनवर सोडून आला.

"काय म्हणा होतो?" लक्ष्मीने विचारलं.

"पुढचो पिक्चर दर्याचो करतलो. दर्या वितळना नाय म्हणता."

लक्ष्मी हसली आणि त्याच्या खोलीतल्या चादरी काढायला गेली. तिने जन्मात बर्फाचं तळं पाहिलं नव्हतं. पण चादरी पिळताना ती पोर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तळ्याच्या मध्यावर उभी राहून मागे वळून बघणारी. तिने शिवाला हाक मारून विचारलं, "त्या चेडवाचां नाव काय सांगल्यान होतां रे?"

शिवालाही ते आठवेना.