चिकपेटचा विंच

केंपण्णाने रघुजीची दोन बोटं मोडली, ती रागाच्या भरात नव्हे. सावकाश, हाती घेतलेलं काम उरकावं तशी मोडली.

आनेकलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका तळ्याच्या पोटातून गाडीवाट जायची. दुसरी वाट नव्हतीच. पावसानंतर कितीतरी महिने तिथे गुडघाभर गाळ असे, आणि त्या गाळात रघुजीची जीप हटकून रुते. जीप लष्कराच्या लिलावातली, मोठ्या लढाईत कुठे कुठे फिरून आलेली. एकटी असती तर निघालीही असती. पण मागे ट्रेलर, आणि ट्रेलरवर निलगिरीचे वासे. ते बंगळूरच्या वखारीत पोचवायचे हाच रघुजीचा धंदा. गाडी रुतली की बांधावर केंपण्णा बैलजोडी घेऊन उभा असायचाच. त्या तळ्यात दुसऱ्या कुणाचे बैल उतरायचे नाहीत असा त्याचा कायदा होता. एका गाडीवानाने उतरवले होते. केंपण्णाने कोयत्याने त्यातल्या एका बैलाच्या मागच्या पायाची शीर तोडली. ते जनावर तीन पायांवर ओरडत गोल फिरत राहिलं, आणि गाडीवान ते बघत रडत राहिला.

बोटं मोडली त्या दिवशी केंपण्णाने ओढून द्यायचे पैसे नेहमीच्या दुप्पट मागितले.

"एवढे देत नाही," रघुजी म्हणाला.

केंपण्णाने नुसती मान हलवली. दोघा गड्यांनी रघुजीला मागून धरलं. त्याचा डावा हात जीपच्या तापलेल्या बॉनेटवर दाबून ठेवला. केंपण्णाने जोखडाची शिवळ, ती जाड लाकडी खुंटी, उपसली, दोनदा हातात तोलली आणि बोटांवर हाणली. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज झाला. मग बैल जुंपले, गाडी ओढून दिली, आणि मागितलं तेवढं रघुजीच्या खिशातून स्वतःच काढून घेतलं. रघुजी एका हाताने गाडी चालवत कॉटनपेटेतल्या घरी आला.

जमनाबाईने हळद-तुरटी लावून नवऱ्याची बोटं बांधली. गाईचा घास काढल्याशिवाय ती कधी अन्नाला शिवत नसे, आणि तिच्या तोंडून कधी वेडावाकडा शब्द निघत नसे. त्या दिवशीही निघाला नाही.

"देव बघून घेईल म्हणतात," ती म्हणाली. "पण असली कामं देवावर ढकलू नयेत. तुम्हीच काहीतरी करा. त्या माणसापुढे परत उभं राहायचं नाही, एवढंच मी सांगते."

तिचा धाकटा भाऊ शिवाप्पा उंबऱ्यात बसून ऐकत होता. निपाणीकडून आलेला, काम मिळेपर्यंत दाजींच्या हाताखाली राहिला होता.

"दाजी, विंच घ्या की," तो म्हणाला.

"ते काय असतं?"

"लोखंडाचा रूळ. त्याला तारेचा दोर गुंडाळल्याला. जीपच्या तोंडाला बसवायचा, दोराचं टोक लांब झाडाला बांधायचं आणि दांडा फिरवायचा. गाडी आपली आपणच वर येती. कशाला पायजेत केंपण्णाचे बैल?"

रघुजीने बांधलेला हात उलटा करून पाहिला. मग म्हणाला, "सरी." कन्नडातलं 'बरं'.

शिवाप्पा हसला. "बघ आक्का, परत सरी. पोरगं झालं तरी सरी, म्हातारं गेलं तरी सरी. आमच्याकडं 'सर' म्हटलं तर माणूस बाजूला होतोय. हितं 'सरी' म्हटलं तर आणखीन जवळ येतोय."

"तीनशे वर्षं इथलं पाणी प्यालंय हे घर," जमनाबाई म्हणाली. "त्यांची बोली ती तशीच राहणार. तू जेव स्वल्प." आणि 'थोडं' म्हणायच्या जागी आपणही कानडीच बोललो हे लक्षात येऊन तिने पदर तोंडाला लावला.

चिकपेटेतल्या एका बोळात आप्पाजींचं लष्करी मोडीचं दुकान होतं. त्यांच्याकडे दोन विंच होते. एक अमेरिकन, इंजिनाच्या जोरावर फिरणारा, अंगावर हिरवा रंग अजून शाबूत. रघुजीने त्याची किंमत विचारली आणि ऐकून पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. दुसरा हाताने फिरवायचा. त्याचा रूळ एका रंगाचा, दातेरी चाकं दुसऱ्याच रंगाची, आणि दांडा तर दिसतच होता की कुठल्या तरी रहाटाचा आहे.

"तीन मेलेल्यांचा मिळून एक जिवंत केलाय, अण्णा," आप्पाजी म्हणाले.

"चौथ्याला मारायचा न्हाई न्हवं?" शिवाप्पाने विचारलं.

"हा कोण?"

"मेव्हणा," रघुजी म्हणाला.

"मग बोलणारच."

शिवाप्पाने खटका वाजवून बघितला. दांडा फिरवला की खटका दात्यात बसायचा आणि रूळ उलटा फिरत नसे. खटका पक्का होता, चाकंही पक्की होती. मग त्याने दोरावरून हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. तळव्यातून रक्त आलं. तारेचे बारीक तुटके पदर दोरातून काट्यासारखे वर आले होते, आणि गंज दिसू नये म्हणून वरून ग्रीस फासलं होतं.

"दोर बदलून द्या, मामा."

"दोर बदलला की किंमत बदलते. लष्कराचा दोर आहे हा, तोफा ओढल्यात याने."

"म्हणूनच दमलाय."

आप्पाजींना ते आवडलं असावं. ते म्हणाले, "न्या तर. गाळात घालून बघा. चालला तर पैसे आणून द्या, नाही चालला तर विंच आणून द्या."

दोर वाईट आहे हे रघुजीला दिसत होतं. घरातून निघताना ठरवलेलं होतं की नीट बघायचं, ठोकून घ्यायचं, घाई करायची नाही. पण त्या बोळात उभं असताना त्याला दोर दिसला नाही. गाडी एकटीच वर निघतेय आणि केंपण्णा बांधावर बैल घेऊन नुसता उभा आहे, एवढंच दिसलं. त्याचं तोंड दिसलं. ते तोंड बघण्यासाठी तो याहून वाईट दोरही घेऊन गेला असता.

"सरी," तो म्हणाला.

पुढच्या खेपेला सकाळीच जीप तळ्यात रुतली. शिवाप्पाने दोराचं टोक नेऊन बांधावरच्या करंजाच्या बुंध्याला आवळलं आणि तो तिथेच थांबला. रघुजी जीपच्या तोंडाशी, चिखलात पाय रोवून, उजव्या हाताने दांडा फिरवू लागला. कट्, कट्, खटका वाजत होता. दोर गाळातून वर उचलला गेला, ताठ झाला, त्याच्यावरचं पाणी थरथरून गळून पडलं. मग जीप हलली. गाळाने चाकं सोडताना जो आवाज केला तो ऐकून रघुजीने दांडा आणखी जोराने फिरवला. हातभर गाडी पुढे आली. आणखी हातभर आली.

केंपण्णा बांधावरून उतरला. हातात कुऱ्हाड होती. मागे त्याचे दोघे गडी, आणि बैल धरून त्याची बायको गंगव्वा.

"हे कसले बैल?" केंपण्णाने कन्नडात विचारलं. "चारा काय खातात?"

"तुझा माज," रघुजी म्हणाला. तोही कन्नडात. आणि फिरवतच राहिला.

"बोटं आठ राहिली वाटतं. अजून मोजता येतात?"

"एवढी पुरतात."

गडी हसले. केंपण्णा हसला नाही. आपल्याच माणसांपुढे त्याचं हसू झालं होतं, आणि ते त्याला सोसणारं नव्हतं. तो गाळात उतरला. दोर त्याच्या कमरेच्या उंचीवर ताणलेला होता, वीणेच्या तारेसारखा बारीक आवाज करत. त्याच्या अगदी जवळ जाऊन, पाय फाकून तो उभा राहिला आणि त्याने कुऱ्हाड डोक्यावर उचलली.

झाडाशी उभ्या शिवाप्पाला दोराचे पदर एकेक करून उसवताना दिसत होते. त्यातच हा माणूस कुऱ्हाड घेऊन उभा. भीतीने माणसाच्या तोंडी आईचीच भाषा येते. शिवाप्पा जीव तोडून ओरडला, "सर रे! सर रे!"

केंपण्णाने ऐकलं ते 'सरी'. म्हणजे, बरं, कर तुला करायचं ते. "सरी म्हणतोय बघा," तो गड्यांकडे बघून म्हणाला.

रघुजीनेही ऐकलं ते 'सरी'. म्हणजे, ठीक आहे, ओढ. उभ्या जन्मात त्या आवाजाचा दुसरा अर्थ त्याच्या घरात नव्हता. पण शिवाप्पा कधी सरी म्हणत नाही हेही त्याला ठाऊक होतं. म्हणणाऱ्यांची तो टिंगल करतो, हे ठाऊक होतं. ते ठाऊक असलेलं मन कुठे तरी मागे उभं राहिलं आणि हात पुढे गेला. त्याने दांडा अंगाचा सगळा भार टाकून आणखी एकदा फिरवला. खटका वाजला. कुऱ्हाड खाली आली.

दोर तुटल्याचा आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला. जीपकडचा तुकडा उलटा आला तो बॉनेटवर आपटला आणि पत्रा फाडून गेला. रघुजीच्या कानापासून तो टीचभर अंतरावर होता. दुसरा तुकडा झाडाकडे जाता जाता फिरला आणि केंपण्णाच्या तोंडावर बसला. कपाळापासून हनुवटीपर्यंत त्याचा चेहरा उघडला. कुऱ्हाड आधी पडली. तो मात्र जरा वेळ उभाच राहिला, काहीतरी विसरल्यासारखा, आणि मग गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांनी तो तोंड जागेवर धरायला बघत होता आणि बोटांच्या फटींतून रक्त गाळात ठिबकत नव्हतं, वाहत होतं.

गडी शिवाप्पावर धावले. "सरी म्हणालास! कुऱ्हाड मार म्हणून सांगितलंस!" एकाने त्याला झाडाशी दाबलं, दुसरा लाथांनी बरगड्या तुडवू लागला. शिवाप्पा मोडक्या कन्नडात सांगत होता की बाजूला हो म्हणालो, बाजूला हो म्हणालो. त्याच्या कानाची पाळी फाटून लोंबत होती. रघुजी मध्ये पडला आणि त्याने लाथा मारणाऱ्याचा गळा धरला. रघुजीच्या बांधलेल्या बोटांवर दुसऱ्या गड्याने दगड घातला. डोळ्यांपुढे अंधारी आली तरी त्याने धरलेल्या माणसाचा गळा सोडला नाही. त्याला चिखलात पाडून तो त्याचं तोंड खाली दाबतच राहिला, बुडबुडे येईपर्यंत.

"साकु," गंगव्वा म्हणाली. म्हणजे पुरे.

ती ओरडली नव्हती. पण सगळे थांबले. नवऱ्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं होतं आणि लुगड्याचा बोळा करून जखमेत दाबला होता.

"मारायचं नंतर मारा," ती म्हणाली. "आधी यांना आनेकलला न्यायला पाहिजे. गाडी ही एकच आहे."

गाडी गाळात होती. दोर तुटून पडला होता. तिने स्वतः उठून बैल पुढे आणले, जीपला साखळी अडकवली. रघुजीने ट्रेलर सोडून दिला. बैलांनी खांदे लावले. बांधापर्यंतची ती ओढ संपता संपेना, आणि मागच्या बाकावर केंपण्णा घशातल्या रक्तातून श्वास घेत होता, तो आवाज रघुजीला इंजिनाच्या आवाजावरूनही ऐकू येत होता. आनेकलपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. तोंडाने रामनाम घ्यावं असं त्याला वाटत होतं, पण जीभ वळली नाही.

केंपण्णा जगला. एक डोळा गेला आणि जबडा असा जुळला की त्याचं बोलणं फक्त गंगव्वाला कळे. तो पुन्हा बांधावर आला नाही.

रघुजी विंच घेऊन चिकपेटेत गेला. आप्पाजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. चाकं शाबूत, रूळ शाबूत, खटका जागच्या जागी.

"याला तर काही झालं नाही."

"नाही. चांगला आहे."

"मग ठेवा की. झालं ते ऐकलं मी. नवा दोर देतो, वर काही मागत नाही."

शिवाप्पा मागे उभा होता, कानाला पट्टी बांधून. "घ्या, दाजी. दोराचाच दोष होता. नवा दोर असता तर कुऱ्हाडीनं असा तुटला नसता. गाडी वर आली होती, तुम्ही बघितलंय."

"आली होती," रघुजी म्हणाला. "पैशाच्या मानाने फार चांगला आहे. दुसऱ्या कुणाला द्या, पण हा दोर काढून टाका."

"आणि तुम्हाला?"

"मला नको."

बोळातून बाहेर पडल्यावर शिवाप्पाने विचारलं, "दाजी, तुम्हाला माझा शब्द ऐकू आला न्हाई का?"

"आला," रघुजी म्हणाला.

शिवाप्पा चालता चालता थांबला. त्याने दाजींच्या तोंडाकडे पाहिलं. मग घरापर्यंत तो दाजींच्या चार पावलं पुढे चालत राहिला.

पुढच्या खेपेला जीप पुन्हा रुतली. रघुजी खाली उतरला आणि गाळ तुडवत बांधाकडे चालत गेला. गंगव्वा बैल घेऊन उभी होती. तिच्या हातात बैल हाकायची पराणी होती, टोकाला खिळा बसवलेली.

"बैल पाहिजेत," तो म्हणाला.

गंगव्वाने पराणी उलटी धरली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. मग पाठीवर. मग पुन्हा त्याच जागी, सदरा फाटून वळ फुटेपर्यंत. बांधावरचे गडी बघत राहिले, कुणी पुढे आलं नाही. रघुजी हात खाली सोडून उभा होता. तिचा दम संपला तेव्हा ती पराणीवर टेकून जरा थांबली, तिने कपाळावरचे केस मागे सारले आणि बैलांना गाळात उतरवलं. साखळी तिनेच अडकवली. बैलांना तिने पराणी लावली नाही. नुसतं नावाने हाकारलं, आणि ते चालू लागले.