मागच्या चाकातला श्वास

माझ्या सायकलच्या मागच्या चाकात तात्यांचा शेवटचा श्वास आहे. पंपाचं वायसर गेलं होतं. नवं आणायचं काम तीन आठवडे माझ्याकडे होतं आणि मी तीन आठवडे विसरत होतो. शेवटी तात्या अंगणात उकिडवे बसले, व्हॉल्व्हला तोंड लावलं आणि फुंकून चाक भरू लागले. माणसाच्या फुंकरीने ट्यूब भरत नाही, हे मलाही माहीत आहे. ती भरली.

त्याआधी ते आईशी बोलत होते. "ऐक गं, एक सांगायचं राहिलंय तुला. तुझ्या त्या..." इथे ते थांबले. "थांब, एवढं चाक होऊ दे," म्हणाले आणि वाकले. चाक घट्ट झालं. तात्या वाकलेलेच राहिले. उरलेलं वाक्य आत गेलं होतं.

तेरावा झाल्यावर मामा आईला सोनगिरवाडीला घेऊन गेला. तेव्हापासून ती सगळं अर्धंच करते. अर्धा कप चहा, अर्धी भाकरी. केस विंचरते तेही भांगाच्या एकाच बाजूचे. सोमवारी मामाचा फोन आला.

"धैर्या, तिची उजवी बाजू ठीक आहे. डावी परवापासून दिसत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"त्यांनी उजवीकडून तपासली. बीपी नॉर्मल आहे. तू ते चाक घेऊन ये. वाक्य पुरं ऐकल्याशिवाय ती दिसेनाशी व्हायची काही थांबायची नाही."

फोनवरूनच हवा सोडून बघू का, असं मी विचारलं. मामा म्हणाला, फोनमधून बोलणं येतं, श्वास येत नाही. मामा पोस्टात होता. काय कशातून जातं, हे त्याला कळतं.

मी हायवेने निघणार होतो. पंक्चरवाल्या नजीरभाईंनी मला थांबवलं आणि आधी पुढच्या चाकाची हवा सोडून दाखवली. त्यातून ट्रक मागे घेताना वाजतं ते गाणं निघालं, मग दोन हॉर्न, मग एक शिवी.

"हवा ऐकत असते," नजीरभाई म्हणाले. "ही तर साधी हवा. तात्यांच्या वाक्यात मध्येच डंपर शिरला तर आईंना काय कळणार?"

त्यांनी पुढचं चाक नव्याने भरलं आणि गल्ल्याखालून पर्यटकांसाठी छापलेलं एक पत्रक काढून दिलं. 'शांत सायकल सहल, मार्ग क्रमांक चार. कालव्याकडेने अडतीस किलोमीटर. वाहनविरहित. शेवटचं गाव सोनगिरवाडी.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वारा नाही.' समोरून वारा लागणार नाही एवढाच अर्थ मी घेतला. सायकलवाल्याला ही आनंदाची गोष्ट असते.

सकाळी सातला कालव्याच्या रस्त्यावर गाड्या अडवणारी फाटकाची दांडी ओलांडली. पहिले दहा किलोमीटर पत्रकात लिहिल्यासारखेच होते. पंधराव्या किलोमीटरला पाखरं दिसत होती, ऐकू येत नव्हती. विसाव्याला एका घराचा धूर छपरावर नुसता उभा होता. दारातली बाई म्हणाली, तो गेल्या वर्षीचा आहे. मागच्या चाकातून अधूनमधून तात्यांच्या खाकरण्यासारखं काहीतरी जाणवत होतं. मी खड्डे चुकवत होतो. ते हयात असताना मी त्यांना इतकं सांभाळलं नव्हतं.

सत्ताविसाव्या किलोमीटरला रस्ता हुलग्याने झाकलेला होता.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. वाळलेलं पीक डांबरावर पसरायचं आणि गाड्या जाऊ द्यायच्या. एसटी, जीप, उसाचे ट्रॅक्टर वरून जातात, शेंगा फुटतात, मळणी होऊन जाते. फक्त हा रस्ता वाहनविरहित होऊन तीन वर्षं झाली होती आणि हुलगे त्याच्या आदल्या दिवशी पसरलेले होते. दोन्ही कडांना माणसं मांडीवर शेंगांनी भरलेल्या पाट्या घेऊन बसली होती.

"चाक आलं," एक म्हातारी म्हणाली. तिला सगळे हौसाक्का म्हणत होते.

"दोन आल्यात," शेजारचा माणूस म्हणाला. तो बाजीराव. पूर्वी वडापची, हाका मारून प्रवासी भरायची जीप चालवायचा. जीप आता मागच्या रानात उभी होती आणि तिच्यावर घेवड्याचा वेल चढला होता. सवय सुटली नव्हती म्हणून तो मधूनमधून ओठांतल्या ओठांत "फलटण, फलटण" म्हणत होता.

"आक्का, मला पुढं जायचंय. आई आजारी आहे."

"जा की. कोण धरलंय तुला? हुलग्यावरनं जा."

"आन् माघारी ये," बाजीराव म्हणाला.

"माघारी कशाला?"

"एका फेरीत मळणी व्हती व्हय, शहाण्या?"

मी निघालो. चाकांखाली शेंगा तडतडत होत्या. हुलग्याचा शेवट दिसायला लागला की तिथली माणसं उठत आणि आणखी एक पाटी पसरत. त्यांना घाई नव्हती. वळून मागे जावं तर मागेही तसंच. बारा फेऱ्यांनंतर मला कळलं की कडेची माणसं सरकत आत येतायत. आधी त्यांचे चेहरे दिसत होते, मग त्यांचे गुडघे हँडलला लागू लागले. विसाव्या फेरीला त्यातल्या एकाने मला न थांबवता पाणी पाजलं.

तिसाव्या फेरीला मामाचा फोन आला.

"कुठंवर आलास?"

"अकरा किलोमीटर राहिले."

"आता उजवा कान तेवढा राहिलाय रे. उशीवर ठेवलाय. दार उघडंच आहे."

मी पायडल जोरात मारलं. सायकल हलली नाही. चाकं आसापर्यंत भुसात रुतली होती. सगळ्या शेंगा फुटल्या होत्या. आता पसरायला कोणाकडे काही उरलं नव्हतं.

"झाली मळणी," हौसाक्का म्हणाली. "आता उफणलं की भूस उडंल आन् तुझा रस्ता मोकळा."

"मग उफणा की."

"वारा कुठाय?"

कालव्याचं पाणी काचेसारखं पडलं होतं. झाडाचं पानही हलत नव्हतं. तरीही सगळे उठले, भूस मिसळलेले हुलगे पाट्यांत भरून उफणायच्या तिवयांवर चढले आणि पाट्या डोक्यावर उचलून उभे राहिले. तीन वर्षांत हात कसे धरायचे ते कोणी विसरलं नव्हतं. हौसाक्काचे दंड थरथरत होते, पण पाटी खाली येत नव्हती. मग एकेक जण माझ्या मागच्या चाकाकडे बघू लागला. मागितलं कोणीच नाही.

"त्यात काय हाय?" शेवटी हौसाक्काने विचारलं.

"वडील."

"किती?"

"एक श्वास."

"पुरतो. आमच्या मालकाच्या शेवटच्या श्वासात पाच पोती उफणून निघाली होती."

"तो आईचा आहे, आक्का. त्यात तिचं वाक्य आहे."

"मग गाव कुठल्या अंगाला हाय ते बघून सोड. मी काय सांगू तुला?"

मी उतरलो. सायकल भुसावर आडवी केली, मागचं चाक हाताने फिरवलं आणि व्हॉल्व्ह कालव्याच्या पुलापलीकडे, सोनगिरवाडीच्या दिशेला धरला. रेष बरोबर आहे का म्हणून बाजीराव खाली वाकून एक डोळा मिटून बघून गेला. तिवईवर परत चढल्यावर त्याने मान वर केली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने ओरडला, "सोनगिरवाडी! चला, सोनगिरवाडी, सोनगिरवाडी!"

मी व्हॉल्व्ह सोडला.

आवाज आला नाही. वारा आला. त्याला तात्यांच्या सकाळच्या चहाचा वास होता. सगळ्या पाट्या एकदम कलल्या. भूस उचललं गेलं, पिवळं, जाड, एका गावाएवढं, आणि पुलावरून सोनगिरवाडीकडे निघालं. हुलगे सरळ खाली पडत राहिले. माझ्या तळव्याखाली चाक मऊ होत गेलं आणि मग नुसतं रबर उरलं. पुढचा रस्ता स्वच्छ काळा दिसत होता.

हौसाक्का तिवईवरून उतरली. राशीतून तिने एक हुलगा उचलला, पदराला पुसला आणि कानाला लावला. ती बराच वेळ ऐकत होती. मध्ये एकदा तिने डोळे मिटले.

"त्या वाक्यातलं हलकं तेवढं गेलं रे बाळा," ती म्हणाली. "जड हितंच पडलं."

तिने तो हुलगा माझ्यापुढे धरला. खिशात मामाचा फोन वाजायला लागला.